पेट्रोलनं धुतलेले हात

चंद्रीनं लाथ झाडली आणि पिराजीच्या हातातली चरवी घरंगळत रस्त्यापर्यंत गेली. सुदैवानं रिकामी होती. सुदैवानं म्हणायचं की दुर्दैवानं, हे कोल्हापुरात तालमीसमोरच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधासाठी ग्लास घेऊन उभ्या असलेल्या मंडळींना ठरवता येईना. कारण चरवी रिकामी होती ती म्हशीनं अजून थेंबही दिला नव्हता म्हणून.

“पिराजी, म्हशीबरोबर भांडण झालंय व्हय?” आण्णांनी विचारलं. आण्णा पाणीपुरवठ्यातून रिटायर झालेले. पाणी आणि दूध यांतला फरक आपल्याइतका कुणाला कळत नाही असा त्यांचा समज होता, आणि रोज संध्याकाळी धारेखाली धरलेला ग्लास फेसासकट रिचवून ते तो समज ताजा करत.

“थांबा की जरा. पान्हवंल आता.”

पिराजीनं पुन्हा कास धुतली, पाठ थोपटली, तोंडासमोर हात नेऊन चुचकारलं. चंद्रीनं त्या हाताचा वास घेतला, फुर्र करून नाक झाडलं आणि दोरी ताणून बाजूला सरकली.

“हात कशात बुडवून आलायस?” आण्णा म्हणाले.

“कशात न्हाय.”

“न्हाय कसं? पंपावर उभारल्यागत वास येतोय हितं.”

पिराजी माणूस वाईट नव्हता. फक्त जगात कामं नीट करणारा आपण एकटाच उरलोय, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. दारातली जुनी व्हॅन तो स्वतः दुरुस्त करायचा, कारण दुसऱ्याचा हात लागला की गाडी बिघडते. चंद्रीची धारही स्वतःच काढायचा, कारण दुसऱ्याचा हात लागला की म्हैस बिघडते. “एका हाताची म्हैस हाय ती,” तो येईल त्याला सांगायचा. “माझ्या हाताबिगर पान्हवत न्हाय.” कुणाच्या भिंतीवर डिग्री टांगलेली असते, पिराजीचं हे वाक्य होतं. त्यापायी तो लग्नाकार्याला गेला तरी अक्षता पडल्या की पंगतीला पाठ करून परत फिरायचा, आणि उपाशी परतल्याचंही कट्ट्यावर कौतुक करून घ्यायचा.

आज सकाळी व्हॅनची पाळी होती. चढाला धापा टाकते म्हणून त्यानं दारात पोतं अंथरून कार्बोरेटर उतरवला. त्याची मुलगी निशिगंधा एका खासगी दवाखान्यात नर्स. रविवारची घरी आली होती. बापाचे उघडे हात बघून तिनं पिशवीतून निळ्या हातमोज्यांचं खोकं काढलं.

“आबा, आधी हाताला मलम चोळा, मग मोजे घाला. नखांत व्हॅसलीन भरा, म्हंजे काळं आत बसत न्हाय. आणि अंगठी काढा. बॅटरीच्या दोन टोकांत सापडली तर बोट भाजंल.”

अंगठी पिराजीनं काढली. सोनं वितळेल ही भीती त्याला पटली, बोटाची पटली नाही.

“मोजं कशाला? मी काय हळदीला बसलोय व्हय? नट बोटाला कळाय लागतोय, पोरी.”

“मग निदान पेट्रोलनं हात तरी धुऊ नका. काळं निघंना तर गोडं तेल आणि साखर चोळा, मग साबण.”

“साखर? हाताचा शिरा करतीस काय?”

गोठ्यात चंद्रीसाठी भरडा कालवणारी आक्काताई, त्याची बायको, हसू दाबत म्हणाली, “ऐका की तिचं. रोज बघतीया ती असलं.”

“तू म्हशीचं बघ,” पिराजी म्हणाला. जणू इतकी वर्षं ती दुसऱ्याच कुणाचं बघत होती.

दुपारपर्यंत त्यानं कार्बोरेटरचा एकेक भाग पेट्रोलच्या वाटीत बुचकळून साफ केला. बॅटरीच्या टोकांवर साठलेली पांढरी-हिरवी पूड अंगठ्यानंच खरवडली. शेवटी उरलेल्या पेट्रोलनं हात धुतले आणि वर धुण्याचा सोडा नि वाळू घेऊन घासले. हात असे लख्ख निघाले की त्यानं ते मुद्दाम लेकीला दाखवले. व्हॅनही सुरू झाली. हाताची आग व्हायला लागली ती तासाभरानं, पण एवढी फुशारकी मारल्यावर ते सांगणार कुणाला?

आता कट्ट्यावर ते हात सगळ्यांसमोर होते. पेरांपेरांत भेगा, अंगठ्याच्या बुडाशी सोलून लाल झालेलं कातडं. पिराजीनं दात आवळून पुन्हा सडावर मूठ धरली. भेग उकलली आणि काळ्या कासेवर लाल ओघळ उतरला.

“आरं, रगात!” आण्णांनी ग्लास मागं घेतला. “ऊठ आधी.”

“उठून कसं चालंल? कास तटतटलीया. दूध तुंबलं तर कास सुजून दगडी हुईल, सड जाईल तिचा.”

“मग दुसऱ्याला बसू दे की.”

शेजारचा गवळी राजवीर हात पुसत पुढं आला. “काका, मी बघू?”

“न्हाय देणार ती तुला,” पिराजी म्हणाला. तरी राजवीर बसला. चंद्रीनं त्यालाही शेपटीचा फटका दिला. पिराजीच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान दिसलं. मग तुंबलेल्या कासेकडं नजर गेली आणि ते मावळलं. त्यानं निमूट राजवीरला आपल्या लेकीचा फोन लावायला सांगितलं.

निशिगंधा मोपेडवरून आली, मागं आक्काताई. निशिगंधानं बापाचे हात नळाखाली धरले, बराच वेळ पाणी सोडलं. पट्टी बांधता बांधता एवढंच म्हणाली, “बरं हुईस्तोवर धार बंद.”

“मग हिचं काय?”

वळून बघतो तर आक्काताई पदर खोचून म्हशीपाशी बसली होती. ती कट्ट्यावर आजवर कधी आली नव्हती. तिनं कास धुतली आणि चंद्रीच्या कुशीला कपाळ टेकलं.

“तुला देणार न्हाय ती,” पिराजी म्हणाला. ह्या खेपेला आवाज बारीक होता.

चंद्रीनं मान वळवून आक्काताईच्या खांद्याचा वास घेतला आणि रवंथ सुरू केला. मग चरवीच्या तळाशी धार वाजली. पहिली, दुसरी, आणि पुढं वाजायची थांबून नुसती फेसात घुसायला लागली.

आण्णांनी तोंड उघडलं होतं, पण पाणीपुरवठ्यातल्या माणसाला व्हॉल्व्ह कधी बंद करायचा हे कळतं.

पिराजी तिच्याजवळ वाकला. “आधी कवा काढलीतीस?”

“तुमी गावाला गेला की उशीर हुतो,” आक्काताई धार न थांबवता म्हणाली. “तवा थोडी मोकळी करतो मी तिला. बाकीचं तुमास्नी ठेवतो.”

“बोलली न्हाईस कधी.”

“तुमी हितं सांगत हुता की, एका हाताची म्हैस हाय म्हणून. कशाला मोडायचं?”

पिराजीला काहीतरी करावंसं वाटलं. निदान म्हशीचं तोंड धरावं म्हणून तो पुढं झाला. पट्टीतूनही पेट्रोलचा वास येत असावा. चंद्री बिचकली, धार तुटली.

“जरा लांब उभारा की,” आक्काताई म्हणाली. रागानं नाही, शेळी आडवी आली असती तरी ती एवढ्याच आवाजात बोलली असती.

तो मागं सरला. आणखी मागं सरला तेव्हा गिऱ्हाइकांत पोचला होता. आण्णांनी सरकून त्याला जागा दिली आणि कुणीतरी त्याच्या हातांत ग्लास ठेवला. इतक्या वर्षांत ह्या कट्ट्यावर तो ग्लास घेऊन कधी उभा राहिला नव्हता. रांग पुढं सरकत गेली, तसा तोही सरकत गेला.

त्याची पाळी आली. आक्काताईनं वर बघितलं नाही. तिच्यासमोर पट्ट्या बांधलेले दोन हात आले होते आणि त्यांत एक रिकामा ग्लास.

“पावणं, जरा खाली धरा,” ती म्हणाली. “फेस सांडंल.”

पिराजी गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी ग्लास खाली धरला.