साहेबांच्या फोटोला घाम फुटला

मंत्रीसाहेबांच्या कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. साहेब स्वतः मात्र सातासमुद्रापार, एका इस्पितळात पडून होते. बारीक ताप आहे, विश्रांती सांगितली आहे, एवढंच अधूनमधून कळे. इकडे त्यांच्या सहीवाचून पूल अर्धवट लटकला होता आणि नळाला पाणी नव्हतं. पण ही गाऱ्हाणी घेऊन आलेली माणसं ती विसरून भिंतीवरच्या साहेबांच्या फोटोकडे टक लावून बसली होती. फोटोला घाम येत होता. कपाळावरून, नाकाच्या शेंड्यावरून थेंब ओघळत होते.

स्टुलावर चढून कापसाच्या बोळ्यानं ते टिपणाऱ्याला लोक घामबाबा म्हणत. साहेब इथे होते तोवर हा गडी त्यांच्या सभांना माणसं गोळा करायचा.

"ताप तिकडं, घाम इकडं," तो समजावून सांगे. "घाम म्हणजे काय? रोगाचा राजीनामा. रोग राजीनामा देतो, साहेब देत नाहीत."

लोक टाळ्या पिटत. आज डाव्या कानशिलाला घाम जास्त, म्हणजे ताप उतरणीला लागला, असा प्रकृतीचा अहवालही तोच देई. खिडक्या उघडायला त्याची सक्त मनाई होती, का तर घामातली शक्ती वाऱ्यावर जाते. ओला बोळा जिभेवर पिळला की साहेबांच्या दुखण्यासोबत आपलंही दुखणं निघून जातं, असा त्याचा दावा होता.

रोज बोळा चोखणाऱ्यांत अण्णा होते. त्यांची सून औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. बोलायला कमी, बघायला जास्त. अण्णांना मधुमेह. बोळा सुरू झाल्यापासून त्यांनी इन्सुलिन बंद केलं होतं. सुईची त्यांना मनापासून भीती, त्यामुळे हा चमत्कार त्यांच्या चांगलाच पथ्यावर पडला होता. साखर तपासू देत नव्हते. रात्रंदिवस तहान तहान करत, विजार कमरेवर ठरत नव्हती, तरी तब्येत हलकी वाटते म्हणून खूश. सुनेनं समजावलं, नवऱ्याकरवी सांगून पाहिलं, एकदा रडलीसुद्धा. अण्णा बधले नाहीत.

त्या सकाळी तिनं पुन्हा फ्रिजमधून इन्सुलिनची बाटली काढली. अण्णांनी पाठ फिरवली. बाटली हातात धरून ती तशीच उभी राहिली, आणि बघता बघता काचेवर पाण्याचे बारीक थेंब धरले. ती बाटलीकडे पाहतच राहिली. मग दुकानात जाऊन तिनं एक फ्रेम काखोटीला मारली आणि अण्णांच्या पाठोपाठ कचेरी गाठली.

हॉलमध्ये माणसांच्या श्वासांनी नुसतं उकडत होतं. फोटोमागून मात्र बारीक घरघर येत होती. तिकडे काय आहे, असं तिनं शिपायाला विचारलं. साहेबांची खोली, तो म्हणाला. साहेब गेल्यापासून तिथला एसी कुणी बंद केलेला नव्हता. बंद करायला साहेबांची लेखी परवानगी हवी. शिवाय एसी थांबला तर साहेब आता परत येत नाहीत असा अर्थ निघेल, अशी सगळ्या कचेरीला धास्ती. रिकामी खुर्ची अहोरात्र गारेगार होत होती. आणि दोन खोल्यांमधल्या भिंतीत एक जुना झरोका होता, तो वाईट दिसतो म्हणून त्यावर हा फोटो टांगलेला.

तिनं सर्वांदेखत साहेबांना उतरवून समोरच्या भिंतीवर लावलं आणि झरोक्यावर आपली फ्रेम टांगली. खोकल्याच्या औषधाच्या जाहिरातीतलं गुबगुबीत बाळ होतं ते. हॉलमध्ये एकच गलका झाला. घामबाबा साहेबांच्या अपमानाबद्दल बोलत सुटला. त्याचं बोलणं संपायच्या आत बाळाच्या कपाळावर घाम तरारला. समोर साहेब ठणठणीत कोरडे.

"साहेब बरे झाले," मागून कुणीतरी म्हणालं, आणि निम्मा हॉल टाळ्या वाजवू लागला. घामबाबा तेवढ्यात सावरला. साहेबांनी ताप बाळाला सुपूर्द केला, असं तो सांगू लागला.

सून त्याच्याशी वाद घालत बसली नाही. ती अण्णांजवळ गेली. "अण्णा, झरोक्यातून गार हवा येते, तिनं काच थंड होते. हॉलमधली हवा दमट. ती थंड काचेला लागली की तिच्यातली वाफ पाणी होऊन साचते. बाळ असो, साहेब असोत, काचेला काय त्याचं."

"आणि ही वाफ कुठली?"

"एवढ्या माणसांच्या श्वासातली, घामातली."

अण्णांनी रांगेकडे नजर टाकली. पुढचा इसम तोंड वासून जांभई देत होता, त्याच्यामागचा खोकत होता. अण्णांनी हळूच खिशातला रुमाल काढून जीभ पुसली. तरी अडून म्हणाले, "साहेबांसारखा मोठा माणूस, त्यात काहीतरी असेलच की."

"तिकडे साहेब काय करताहेत, अण्णा?"

"उपचार घेताहेत. मोठमोठे डॉक्टर आहेत." अण्णा थांबले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "सुयाही टोचत असतील."

"त्यांच्याकडे तर हा फोटो हक्काचा होता. तरी ते विमानात बसून डॉक्टरकडेच गेले ना?"

अण्णांनी समोरच्या कोरड्या साहेबांकडे वळून पाहिलं. आजूबाजूच्या चारदोन जणांनीही माना वळवल्या. एका बाईनं हातातला बोळा कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि कुणालाही न विचारता सगळ्या खिडक्या उघडल्या. वारा आत आला, आणि थोड्या वेळानं बाळही सुकू लागलं. शिपायाकडे एकानं पुलाचं काय झालं म्हणून विचारणा केली.

चमत्कार दिसला तर तो जरूर पाहावा. मात्र त्याच्यामागे काय आहे हेही भिंतीपलीकडे जाऊन पाहावं, आणि तोवर आपलं औषध सोडू नये.

घरी आल्यावर अण्णांनी निमूट बोटाला सुई टोचू दिली. यंत्रावरचा आकडा पाहून सुनेचा चेहरा उतरला. तिनं लगेच डॉक्टरांना फोन लावला. अण्णांनी स्वतःच सदरा वर केला, डोळे घट्ट मिटले आणि म्हणाले, "सांग त्यांना, येतोय म्हणून. आधी टोच."