डाव्या कानाचा साचा

पॉलिनने बापाच्या डाव्या कानात यंत्र बसवलं.

“येतंय का ऐकू, बाबा?”

इनासने मान हलवली. नाही. तिने त्याच्या कानामागची, यंत्राचा आवाज वाढवायची बारीक चकती चाचपली. ती पार शून्यावर होती. तिने ती बोटाने वर सरकवताच इनास दचकला. बाहेर वाडीत कुणीतरी झावळ्या तोडत होतं, आणि ते डावीकडे, विहिरीच्या अंगाला, हे त्याला न बघता कळलं.

माणिकपूरच्या डॉक्टरने त्याच्या दोन्ही कानांचे साचे घेऊन यंत्रं दिली होती. दोन्ही लावा, तरच चार माणसांतलं बोलणं समजेल, असं बजावलंही होतं. पण इनास ऐकतोय कसला! घरात बहिरी माणसं दोन, यंत्रं दोन. एकट्याने दोन्ही लावून मिरवायचं? त्याने उजवं स्वतः ठेवलं, डावं बायकोला, उर्सुलाला दिलं आणि गावभर सांगत सुटला. कुणी विचारलं तर उर्सुलाही म्हणायची, “छान येतं ऐकू.”

परवा तिला पुरलं. पेटी बंद करण्याआधी पॉलिनने यंत्र काढून घेतलं होतं.

“हा साचा तुमच्या कानाचा,” पॉलिन म्हणाली. “आयच्या कानात यंत्र सैल बसून नुसत्या शिट्ट्या मारत असणार. म्हणून ती बंदच ठेवायची.”

“बंद कसं? रोज जपमाळेला मी अर्धी प्रार्थना म्हटली की उरलेली अर्धी ती म्हणायची. एकदाही चुकली नाही.”

 यंत्राची रिकामी डबी मिटून पॉलिनने कपाटात ठेवली.

संध्याकाळी शेजारपाजारचे घरी प्रार्थनेला जमले. घरातल्या वेदीपुढे उर्सुलाचं स्टूल अजून तसंच होतं, वेदीकडे अर्धी पाठ करून, इनासच्या अगदी समोर. त्यावरून तो रोज तिच्यावर खेकसायचा. “देवाकडे बघ ना! माझ्या तोंडाकडे काय बघतेस?” ती हसायची, पण स्टूल हलवायची नाही. आता ते आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने अर्धी ‘नमो मरिया’ म्हटली. मागून, दोन्ही बाजूंनी उत्तर आलं. कोणता आवाज कुणाचा तेसुद्धा कळत होतं, शब्द न् शब्द स्पष्ट.

पुढच्या खेपेला त्याने मान वर केली आणि रिकाम्या स्टुलाकडे बघत, ओठ नीट उघडून, सावकाश म्हटलं.