बशीभर कोरा चहा

‘आत्ताच घेतला’ हे दोन शब्द ज्यानं पहिल्यांदा वापरले तो माणूस हुशार होता, आणि हरामखोरही होता. वरच्या आळीतला माणूस खालच्या बौद्ध वस्तीत येतो. मजूर सांगायला येतो, शेळी बघायला येतो, मतं मागायला तर हात जोडून येतो. ओट्यावर टेकतो, पोरांची चौकशी करतो. आतून कुणी म्हणालं, चहा टाकते, की त्याचा हात पोटावर जातो आणि ते दोन शब्द बाहेर पडतात. शिवी नाही, भांडण नाही, कुठलं कलम लागत नाही. त्याचं पोट भरलंय एवढंच. पुढारी पितात, हे खरं. पण फोटो निघेपर्यंत पितात. मग कप ओट्याच्या कडेला राहतो, त्यावर साय धरते आणि गाडी धूळ उडवत घोडेगावच्या दिशेनं जाते.

घोड नदीच्या काठच्या या गावात पारूबाई चाळीसहून जास्त वर्षं नांदली. एवढ्या काळात वरच्या आळीतल्या एकाच माणसाला तिच्या दारात चहाची तलफ आलेली तिनं पाहिली. त्याचं नाव रखमाजी.

पारूबाईला काय प्यायला आवडतं, हे विचारायला पुण्यात राहणारी लेक लागली. कल्याणीनं तिला एकदा मॉलमध्ये नेऊन कोल्ड कॉफी पाजली. पारूबाईनं वरचा फेस बोटानं बाजूला केला, एक घोट घेतला आणि म्हणाली, निरम्याचं पानी गोड करून दिलंय. मग तुला काय पाहिजे, असं पोरीनं चिडून विचारल्यावर तिनं सांगितलं, कोरा चहा. गुळाचा. आलं ठेचून, गवती चहाची पात मुडपून टाकलेली. कल्याणी म्हणाली, आई, आता दूध परवडतंय की आपल्याला. दुधाचा प्रश्नच नव्हता.

प्रश्न एका सकाळचा होता. पारूबाई तेव्हा आण्याच्या पठारावरून नवी नवरी म्हणून आली होती. हिवाळ्याची थंडी अशी की नदीवरून वाफ निघायची. रखमाजीची गाभण म्हैस वस्तीखालच्या डोहात उतरली आणि गाळात रुतली. रखमाजी छातीइतक्या पाण्यात. त्याची हाक ऐकून पारूबाईचा सासरा आणि नवरा दोर घेऊन धावले. तास-दीड तास ओढाओढ झाली, मग म्हैस वर आली. तिच्यामागून रखमाजी आला तो निळा पडूनच. जवळचं घर यांचं. तो ओट्यावर येऊन बसला आणि त्याचे दात वाजायला लागले.

सासू दारात उभी राहिली, पण चहाचं विचारीना. विचारलं की काय उत्तर येणार, तिला ठाऊक होतं. मरायला टेकलेला माणूससुद्धा तेच म्हणेल, याची तिला खात्री होती. गावातल्या हॉटेलात तिच्या नवऱ्यासाठी कान तुटलेला कप वळचणीला खोचून ठेवलेला असायचा. तो त्यानंच काढायचा, त्यानंच धुवायचा, वरून ओतलेला चहा घ्यायचा आणि पुन्हा खोचून जायचं. पैसे मात्र पूर्ण. अशा गावात सासूनं कुठल्या तोंडानं विचारायचं?

नव्या नवरीला एवढा पोच नव्हता. तिनं घरच्यांसाठी आधण ठेवलं होतं. ताटलीत सासऱ्याची आणि नवऱ्याची अशा दोन कपबश्या घेऊन ती बाहेर आली आणि रखमाजीनं हात पुढं केला. त्यातली एक उचलली. बशीत ओतून, फुंकर न घालता, भुरके मारत सगळा प्याला. मग रिकामी बशी पारूबाईपुढं धरून म्हणाला, “अजून हाय का?”

सासऱ्याचा हात हवेतच राहिला. सासूनं आपल्या वाटणीचा चहा आणून बशीत ओतला. रखमाजी तोही प्याला, म्हशीला घेऊन गेला.

ही गोष्ट वस्तीत कितीदा सांगितली गेली, त्याला हिशेब नाही. बारशात सांगितली, लग्नात सांगितली. सासूनं तर मरेपर्यंत सांगितली. ती कपबशी तिनं फडताळात वर ठेवली आणि परत कुणाला तिच्यातून पिऊ दिलं नाही. पारूबाईचा मुलगा रत्नदीप हीच गोष्ट ऐकत वाढला. आज त्याचं मंचरला जळालेल्या पाण्याच्या मोटारी भरून द्यायचं दुकान आहे, आणि वस्तीतल्या विहाराच्या नव्या सभागृहाच्या कमिटीत तो आहे. उद्घाटनाला रखमाजीतात्यांचा सत्कार करायचा, असं त्यानंच ठरवलं. शाल, गुलाबाचं फूल, संविधानाची प्रत. फ्लेक्सवर फोटोखाली ‘थोर समाजसुधारक’. आईला म्हणाला, म्हातारा पंच्याऐंशीच्या घरात आहे, आत्ता नाही तर कधी?

पारूबाईला तेच खात होतं. एवढ्या वर्षांत तिनं त्या माणसाचे आभार मानले नव्हते. रस्त्यात दिसला की पदर सावरायचा, बरं हाय का तात्या, एवढंच. आत एक मोठी गोष्ट साठलेली आणि तोंडावर पावसापाण्याचं बोलणं. तो गेला तर ते सगळं तिच्यापाशीच राहणार होतं. म्हणून ती रत्नदीपच्या गाडीवर मागं बसून वरच्या आळीला गेली.

रखमाजीतात्या पडवीत खाटेवर बसले होते. बायको साळुबाई जाऊन चार-पाच वर्षं झालेली, नातसून वृषाली सगळं बघते. तिनं मायलेकाला त्यांच्या शेजारी खुर्च्या टाकून बसवलं, न विचारता चहा आणला, घरच्याच कपात. हेही लिहिलं पाहिजे. वरच्या आळीत आता चहा मिळतो, चांगल्या कपात मिळतो. पण द्यायला काय जातं? देणारा वरच राहतो. जातीचं खरं दुखणं घेताना उठतं.

रत्नदीपनं सगळं नीट सांगितलं. सभागृह, फ्लेक्स, शाल. म्हणाला, त्या काळात तुम्ही केवढं धाडस केलं, तात्या.

“कसलं धाडस?” म्हाताऱ्यानं विचारलं.

रत्नदीपनं म्हशीची आठवण करून दिली. म्हैस तात्यांना लगेच आठवली. तिचं दूध किती घट्ट, तिला पुढं रेडीच कशी झाली, हे सगळं आठवलं. चहाचं म्हटल्यावर त्यांनी डोकं खाजवलं.

“आरं, हातपाय गारठलं व्हतं माझं. म्होरं चहा आला. नको म्हनायला मला काय येड लागलं व्हतं?”

घरी कुणी बोललं नाही का, असं रत्नदीपनं विचारलं. साळू बोलली ना, तात्या म्हणाले. म्हनली, म्हस जगंल का?

रत्नदीपचा चेहरा उतरला. फ्लेक्सवाला मंचरला वाट बघत होता आणि इथं समाजसुधारक म्हणत होता की मला थंडी वाजत होती. पोरगा तापट आहे, बापावर गेलाय. त्यानं जरा कडवटपणेच विचारलं, “मग परत कधी आला न्हाय आमच्याकडं चहाला?”

तात्यांनी त्याच्याकडं न बघता पारूबाईकडं बघितलं.

“कुनी बोलावलंच न्हाई की, राव.”

पारूबाईच्या हातातला कप तसाच राहिला. वृषालीनं कप उचलले, मायलेक उठले.

गाडी देवळापर्यंत आली तोवर पारूबाईच्या डोक्यात सगळं गरगर फिरत होतं. खरं होतं. कुणी बोलावलं नव्हतं. सासूनं बोलावलं नाही, नवऱ्यानं बोलावलं नाही, तिनं नाही. बोलावलं आणि तो नको म्हणाला तर? मग ती सकाळसुद्धा हातची गेली असती. एकदाच मिळालेलं खोटं निघू नये, म्हणून वस्तीनं ते पुन्हा मागितलंच नाही. ही भीती वस्तीच्या रक्तात नव्हती, ती बाहेरून घातलेली होती, आणि घालणारे सगळे वरच्या आळीत सुखानं झोपत होते. त्यांना माफी नाही. पण त्या भीतीपायी सासूनंही एक कप वेगळा काढून ठेवला होता. हॉटेलवाल्यानं वळचणीला खोचला, हिनं फडताळात मांडला. फडताळातल्या कपातून तर कुणी प्यायचं नव्हतंच. आणि आता लेक त्याच माणसाला फ्लेक्सवर चढवायला निघाला होता.

त्याला थंडी वाजत होती. त्याला चहा हवा होता. पारूबाई ते मनात पुन्हा पुन्हा घोळवत राहिली आणि तिच्या ध्यानात आलं की आपल्याला वाईट वाटत नाहीये. उपकार करायला आलेले तिनं ढीगभर बघितले होते. तिच्या हातचं काही हवंसं वाटलेला तो एकच.

“गाडी वळव,” ती म्हणाली.

रत्नदीप म्हणाला, काही राहिलं का? व्हय, राहिलंय, म्हणाली.

तात्या अजून पडवीतच होते. पारूबाई पायरीशी उभी राहिली. इतकी वर्षं साठवलेलं बोलताना ते एवढंसंच निघालं.

“तात्या, तुमी त्या दिवशी चहा मागून घेतला. मला लई बरं वाटलं व्हतं. तेवढं सांगायचं राहिलं व्हतं.”

म्हाताऱ्यानं मान हलवली. त्यांना त्यातलं किती कळलं, ते सांगता येत नाही.

“आन् सत्कार-बित्कार काय न्हाय,” तिनं पुढं म्हटलं. “उद्या सकाळी चहाला या. कोराच असंल.”

बोलून झाल्यावर ती पायरीवरून हलली नाही. सासू जन्मभर दारात का अडून राहिली, ते तिला त्या क्षणाला कळलं. रत्नदीपनं गाडी बंद केली. तात्या खाटेवरची काठी चाचपत होते. मग त्यांनी घराकडं तोंड करून हाक मारली.

“वृषाली, उद्या सकाळी माझा चहा टाकू नको गं.”

परत येताना देवळापाशी आल्यावर रत्नदीपनं विचारलं, शाल तर आणून ठेवलीये, तिचं काय करू. उद्घाटनाला यील त्या पुढाऱ्याला घाल, पारूबाई म्हणाली, आणि आधी मला वाण्याच्या दुकानाशी उतरव, घरात गूळ संपलाय.