विल्मटची पट्टी

जस्ताची पट्टी सालीनं निम्मी गिळली होती. उरलेल्या भागावरची इंग्रजी अक्षरं ज्ञानू नखानं खरवडत होता—विल्मट. घोडनदीकाठच्या या बागेत आंब्याची ही जात विल्मट साहेबानं काढली, असं सगळे म्हणतात. कलम बांधलं होतं म्हाळूनं, ज्ञानूच्या आज्यानं. ते कुणी म्हणत नाही.

“कलमाच्या काड्या काढ की, ज्ञानू. मॅडम खोळंबल्यात,” बागेचे मालक सर्जेराव म्हणाले. फळसंशोधनाच्या मॅडम शिरूरहून जीपनं आल्या होत्या. जुन्या जातींची कलमं करून त्या राज्यभर वाटणार होत्या.

ज्ञानू शिडीवर चढला. बहात्तरच्या दुष्काळात कलम वाळलं, तेव्हा कलमाच्या सांध्यापासून वरचं सगळं खोड त्यानंच करवतीनं उतरवलं. नंतर खालच्या गावठी खुंटाला जी फूट आली, ती हे झाड. आंबट, दोऱ्यांचं फळ. पट्टी मात्र सांध्याखाली ठोकलेली, म्हणून राहिली, आणि पट्टी आहे म्हणून सर्जेराव पंचवीस वर्षं पाहुण्यांना हे फळ कौतुकानं खायला घालतात… खा म्हणावं.

खरा विल्मट माझ्या दारात आहे, ज्ञानू मनात म्हणाला, बुद्धविहाराच्या मागं. भिरूड लागून पोखरलाय, एकच फांदी जिवंत आहे. आज्यानं एक काडी धोतराच्या सोग्यात लपवून नेली होती; साहेबाला कळलं तेव्हा त्यानं कलमाच्याच चाकूनं आज्याच्या अंगठ्याचं पेर उतरवलं, वर कलमाचं मेण लावलं, केळीच्या सोपटानं बांधलं—नीट, हलक्या हातानं. काडी कुठं बांधली ते आज्यानं सांगितलं नाही. पण म्हातारपणी तो थोटा अंगठा आम्हा पोरांपुढं धरून म्हणायचा, “हात लई चांगला व्हता सायबाचा.” कौतुकानं म्हणायचा. किळस यायची मला.

“दादा, नक्की हेच ना?” मॅडमनी खालून विचारलं. “दुसरं कुठं असेल तर तेही घेऊ. कलम कुणी बांधलं, त्याचंही नाव लिहू.”

“ह्याच्या वस्तीत कुठलं असलं झाड,” सर्जेराव हसले.

म्हाळू. एवढंच म्हणायचं होतं… मॅडमनी पेनाचं टोपणसुद्धा काढलं होतं.

“हेच हाय, मॅडम,” ज्ञानू म्हणाला.

त्यानं चाळीस काड्या कापल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून दिल्या. आता गावोगाव साहेबाच्या नावानं आंबट आंबे लागतील, लोक तोंडात घालून थुंकतील. जीप फाट्यापर्यंत दिसत होती, तोवर त्याला फार बरं वाटत होतं.

मग त्यानं चाकू पुसला, मिटला. थुंकणारे लोक काही केल्या डोळ्यांपुढं येईनात; आजाच येत होता, थोटा अंगठा पुढं करून, काहीतरी मागत असल्यासारखा… आणि ज्ञानूला त्याची जराही दया येत नव्हती.