पंखाची हलती कड

"संध्याकाळी बसवाला येईल, विमान घेऊन जाईल," धाकटा भाऊ म्हणाला. कप त्याने दोन्ही हातांनी धरला होता, तरी चहा बशीत सांडलाच.

ताईने शिवणयंत्र थांबवले. बसवाला म्हणजे पूर्वी बस चालवणारा त्याचा मित्र. दोघे मैदानावर छोटी विमाने उडवीत. "उडवायला नेतोय?"

"नाही. कायमचं."

जन्मभर धाकट्याने घड्याळे दुरुस्त केली होती. केसाएवढी स्प्रिंग ज्या बोटांचे ऐकत असे, ती बोटेच आता त्याचे ऐकेनाशी झाली होती. मग त्याने दुकान बंद केले. त्याचे सारे बोलणे या विमानात उतरले. हलक्या बाल्सा लाकडाचा सांगाडा, त्यावर छोट्या इस्त्रीने तापवून ताणून बसवलेली पातळ प्लॅस्टिकची लाल फिल्म. राहिल्या होत्या त्या पंखांच्या मागच्या कडेच्या दोन अरुंद पट्ट्या. त्या वरखाली हलल्या की विमान कलते. मागच्या आठवड्यात पहिल्याच पट्टीवर इस्त्री थरथरली आणि फिल्मला भोक पडले. त्याने ती फिल्म सोलून काढली, इस्त्रीची वायर नीट गुंडाळली आणि कपाट बंद केले. ताईला भीती वाटली ती भोकाची नव्हे, त्या नीटपणाची.

"टिक्या, दोन पट्ट्यांपायी अख्खं विमान देऊन टाकतोस?"

"ताई, कपडे शिवण्याइतकं सोपं नसतं ते."

"बरं बाबा. आम्ही आपले कपडेवाले."

तो औषधे आणायला बाहेर पडला, तशी तिने कपाट उघडले. एक तरी पट्टी तयार दिसली, तर कदाचित त्याचा हात विमानावरून सुटणार नाही, एवढीच तिची आशा. खिडकीपाशी बसून तिने फिल्म बेतली, कडा दुमडल्या, कोपरे असे बसवले की जोड शोधून सापडू नये. मात्र कॉलर दाबताना ती आधी एक बाजू पुरती बसवी आणि मगच उलटवी. सवयीने इथेही तिने वरची बाजू ताणून ताणून आरशासारखी केली. फिल्म आक्रसली, आणि पातळ लाकूड तिच्यामागे वळत गेले. तिने घाईने खालची बाजू तापवली. पडलेला पीळ हलला नाही. वाळक्या पानासारखी वाकडी पट्टी तिच्या मांडीवर पडून राहिली.

दार वाजले. पट्टी कापडाखाली सरकवावी असे तिला क्षणभर वाटले. पण तिने ती तशीच समोर धरली.

"माझ्या हातून वाटोळं झालं रे."

त्याने पट्टी डोळ्यांपाशी नेऊन एका टोकाकडून पाहिली. मग त्याचे खांदे हलू लागले. रडतोय की काय, म्हणून ती उठली. तो हसत होता.

"कॉलर केलीस होय! अगं, दोन्ही बाजू थोड्याथोड्या ताणायच्या. चल, इस्त्री घे."

"आता काय उपयोग?"

"घे तर. मी उलटा पीळ देऊन धरतो. तू तापव, वरून, खालून, सारखं."

त्याने दोन्ही टोके पकडली. आणि मोकळ्या हवेत सैरभैर होणारे ते हात, धरायला काही मिळताच, शहाण्यासारखे निवत गेले. पुरते नाही, पण कामापुरते. ताईने पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

"इस्त्री टेकवू नकोस. आणि बोलू नकोस."

"मी कुठे बोलतेय?"

"श्वास मोठ्याने घेतेयस."

फिल्म गार होईपर्यंत दोघे तसेच बसून राहिले, जणू दोघांनी मिळून एखादे पाखरू धरले होते. त्याने हात सोडले. पट्टी सरळ होती.

"आता बिजागऱ्या. खाचेत बसवून गोंदाचा थेंब सोडायचा. माझा थेंब सांध्यात ओघळणार, पट्टी जाम होणार." जरा थांबून तो म्हणाला, "काही जण दोऱ्यानेही शिवतात म्हणा. पंखावरून पट्टीखाली, पट्टीवरून पंखाखाली. इंग्रजी आठासारखं."

त्याचे वाक्य संपेपर्यंत सुईत दोरा ओवला गेला होता.

"घट्ट नको हं, हललं पाहिजे."

"अरे, जन्मभर बाह्या बसवल्यात मी. हात वर झाला नाही तर गिऱ्हाईक मला सोडेल का?"

तिने शेवटची गाठ मारल्यावर त्याने पंख किंचित कलता केला. पट्टी आपल्याच भाराने हळूच खाली झुकली; त्याने करंगळीने उचलली, पुन्हा सोडली. मग पुन्हा.

बसवाला आला तो मोठे खोके घेऊनच. "काय घड्याळजी, बांधायचं ना विमान?"

धाकट्याने वर पाहिलेच नाही. दुसरी, उघडी पट्टी त्याने दोन्ही मुठींत घेतली होती.

"ते खोकं ठेव बाजूला, आणि दारातून सरक बघू, उजेड अडवतोयस. हं, ताई, आधी वरून. थोडंच."