टपालातला मधला खंड

मित्रांनो, मी एक जुनं पुस्तक आहे असं म्हणालो असतो, पण ते खरं नाही. मी पुस्तकाच्या तीन हिश्शांतला मधला हिस्सा आहे. मला शेंडा नाही नि बुडखाही नाही. माझं पहिलं वाक्य ‘आणि म्हणूनच’ असं सुरू होतं. कशामुळे ‘म्हणूनच’, ते माझ्या थोरल्या भावाला ठाऊक. माझं शेवटचं वाक्य असं आहे : ‘गिरणीवाल्यानं कडीला हात घातला.’ पुढे काय झालं, ते धाकट्याला ठाऊक. मधल्या भावंडाचं दुखणं मधल्यालाच कळतं.

आम्ही तिघं जन्मलो तेव्हा एकच होतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळात कुणीतरी लिहिलेली नि पुढे आपल्या भाषेत आणलेली ती एक जाडजूड कादंबरी होती. उशाला घेतली तर मान अवघडेल, एवढी. एका पिठाच्या गिरणीवाल्यानं चोरीच्या संशयावरून थोरल्या मुलाला घराबाहेर काढलं, त्याची ती गोष्ट. चोरी मुलानं केलेली नव्हती. ते सगळ्या गावाला कळलं, फक्त बापाला कळायला माझी अर्धी पानं लागली.

ही कादंबरी एका बाईंडरच्या हाती आली. त्यानं ती एका बैठकीत वाचली आणि चार गावांतल्या ओळखीच्यांना कळवलं, “एकट्यानं वाचण्यासारखी नाही. टपालानं फिरवू.” पण एवढं वजन पाठवणार कसं, आणि एकाचं वाचून होईपर्यंत बाकीच्यांनी काय करायचं? म्हणून त्यानं सुरी घेतली. मला दुखलं का, असं विचाराल तर हो, दुखलं. पण त्याचा हात हलका होता. त्यानं तिघांना वेगवेगळे पुठ्ठे चढवले, प्रत्येकाच्या पाठीमागे वाचकांची यादी चिकटवली आणि समोर आपल्या टपोऱ्या अक्षरात नियम लिहिले : पान दुमडू नका. डाग पाडू नका. समासात लिहू नका. महिन्याहून जास्त ठेवू नका. कापडात शिवूनच पाठवा. शेवट कुणाला सांगू नका.

यादीत प्रत्येक नावापुढे दोन रकाने होते. ‘मिळालं’ आणि ‘वाचून झालं’. त्यांत फक्त तारखा टाकायच्या.

मग आम्ही हिंडू लागलो. थोरला पुढे, मी एक महिना मागे, धाकटा माझ्या मागे. ते माझे भरभराटीचे दिवस. स्टेशनमास्तर मला सिग्नलच्या दोन घंटांच्या मधे वाचायचा आणि गाडी आली की पानात हिरव्या झेंडीची चिंधी घालून पळायचा. शिंपीणताई मला मशीनच्या फळीवर उघडं ठेवायची. गिऱ्हाईक आलं की म्हणायची, “बस गं जरा, इथे एकाला घराबाहेर काढतायत.” गिऱ्हाईकही बसायचं, वर विचारायचं, “कुणाला? आमच्या ह्यांना काढता येईल का बघ.”

शिंपीणताईनंतर यादीत नाव होतं कंपाउंडरकाकांचं. दवाखान्यात पस्तीस वर्षं औषधं घोटून, पुड्या बांधून ते निवृत्त झाले होते. दोन खोल्यांचं घर, खिडकीशी लोखंडी खाट, आणि घरात एक सून. मुलगा नव्हता. म्हणजे होता, पण सात वर्षांपूर्वी बापाशी कडाक्याचं भांडण करून तो दूरच्या बंदरात कामाला गेला. एक पत्र आलं. मग तेही बंद झालं. सून राहिली. ती इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. शेजारीण खोचून म्हणायची, “नवरा नाही तर कशाला सासऱ्याचं करत बसलीस?” सून म्हणायची, “मग त्यांच्या डोळ्यांत थेंब कोण घालणार, तुम्ही?”

थेंब घालूनही काचबिंदूनं काकांचे डोळे खाल्ले. थोरला त्यांनी भिंग घेऊन स्वतः वाचला. मी आलो, आणि माझ्या पहिल्या वीस पानांतच अक्षरं विझली. पण त्याआधी त्यांनी माझं एक काम केलं. माझ्या एका पानाचा कोपरा टपालात फाटून सुटला होता. काकांनी पुडीचा पातळ कागद कापला, डिंक लावला आणि तो कोपरा असा बसवला, की बघून कळू नये. फक्त बोटाला कळावा.

मग सुनेनं मला हाती घेतलं. तोवर तिचं वाचन औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीपुरतं होतं. पहिल्या दिवशी तिनं दीड पान वाचलं आणि तिला घाम फुटला.

“सूनबाई, स्वल्पविराम आला की श्वास घ्यायचा,” काका म्हणाले.

“बाबा, तुमच्या ह्या बाईनं स्वल्पविराम इतके टाकलेत, की श्वास घेऊन घेऊन चक्कर येईल.”

“बाईनं लिहिलंय हे कशावरून?”

“पुरुषानं लिहिलं असतं, तर गिरणीवाल्याची बायको इतका वेळ गप्प बसली असती?”

काका खाट हलेपर्यंत हसले. रोज संध्याकाळी, तिचे खळीच्या वासाचे हात आणि त्यांचा उघडा कान, यांच्यामध्ये मी असायचो. मित्रांनो, अनेक हातांनी मला वाचलं, पण ऐकलं असं फक्त त्यांनीच.

माझी पानं संपली. बापाला मुलाचं निरपराधीपण कळलं, त्यानंतर बरीच वर्षं गेली, आणि एके दिवशी दारावर थाप पडली. ‘गिरणीवाल्यानं कडीला हात घातला.’

“पुढे?” काका म्हणाले.

“पुढचं तिसऱ्या खंडात.”

“कोण असेल गं दाराशी?”

सुनेनं मला मिटलं. ह्या घरातही सात वर्षं कुणीतरी दाराकडे कान लावून होतं, हे तिला माहीत होतं.

धाकटा यायला हवा होता. आला नाही. एक महिना गेला, दोन गेले. पुढच्या वाचकाला विचारून तिनं मला ठेवून घेतलं आणि वाट बघता बघता पुन्हा पहिल्यापासून वाचलं. शिंपीणताईला पोस्टकार्ड टाकलं. उत्तर आलं, “पाठवतेच आहे. जरा धीर धरा, एक गंमत आहे!”

त्याच सुमाराला काकांच्या पायांवर सूज चढली. डॉक्टरनं सांगायच्या आधीच त्यांनी नडगीवर अंगठा दाबला, किती खोल खड्डा पडतो ते चाचपलं आणि म्हणाले, “पावसाळा काही मला दिसत नाही. तसाही दिसला नसताच म्हणा.”

“मी शिंपीणताईंना लिहून कळवते, तुम्ही आजारी आहात म्हणून.”

“खबरदार! लोक म्हणतील, म्हातारा दया मागून पुस्तक ओढतोय. रांगेत उभं राहायचं असतं, सूनबाई. दवाखान्यात मी हेच सांगत आलो.”

म्हणून तिनं बाईंडरला लिहिलं, ते आजाराचं नाव न काढता. फक्त शेवट कळवा, म्हणाली. त्याचं उत्तर परतीच्या टपालानं आलं, “शेवट सांगू नये हा नियम मीच केलाय. मी मोडला तर काकाच माझं तोंड बघणार नाहीत.” चांगला माणूस होता तो. त्याला काय माहीत?

आता मी जे सांगणार आहे, ते धाकट्याला अजून सांगितलेलं नाही.

एका दुपारी सून लवकर घरी आली. स्वयंपाकघरात बसून तिनं मला एका जुन्या अभ्र्यात गुंडाळलं आणि चारी बाजूंनी टाके घातले. पुढच्या दाराची कडी वाजवली. स्वतःच ओरडली, “हो, हो, आले!” आणि मला घेऊन खाटेपाशी गेली. “बाबा, आलं! तिसरा खंड आला!”

मी कितीतरी प्रवास केलेत. पण स्वयंपाकघरापासून खाटेपर्यंतचा तो प्रवास माझ्या आयुष्यातला सर्वांत लांबचा होता.

तिनं टाके काकांच्या कानाशी कातरले, दोरा तुटलेला ऐकू यावा म्हणून. काकांनी मला हातात घेतलं. माझ्या पाठीवरून बोट फिरवलं. वास घेतला. पानं अंगठ्याखालून सरकवली.

“आलास का, बाबा,” ते मला म्हणाले. मग तिला म्हणाले, “वाच.”

आणि सून वाचू लागली. डोळे माझ्या ओळींवर, आणि तोंडून जे निघत होतं ते माझ्यात कुठेच नव्हतं. दार लगेच उघडून कसं चालेल? तिनं आधी वादळ आणलं, दिवा विझवला, बायकोला काडेपेटी शोधायला पाठवली. सलग अकरा संध्याकाळी ती मजकूर विणत राहिली. तिला जग ठाऊक होतं ते धुलाईघराचं, त्यामुळे गिरणीवाल्याची बायको एकाएकी चादरींबद्दल फार बोलू लागली. पिवळे डाग कसे जातात, खळ किती पातळ हवी, यावर तिनं एक अख्खं प्रकरण खर्च केलं.

“काय गं,” काका म्हणाले, “राणीच्या राज्यात कपडे धुण्याशिवाय दुसरं काही काम नव्हतं का?”

“मोठं घर होतं त्यांचं, बाबा.”

“असेल, असेल. वाच.”

अकराव्या संध्याकाळी काकांचा श्वास आखूड झाला होता. तीन उशा लावून ते बसले होते. सुनेनं ओळखलं, आता दार उघडायला हवं. तिनं उघडलं. बाहेर मुलगा होता. केस पांढरे झालेले, हातात टोपी. “आणि बाप त्याच्याकडे बघत राहिला, बघत राहिला, आणि म्हणाला...”

ती अडली. कारण असा बाप मुलाला काय म्हणतो, हे तिला सुचेना. तिच्या घरात हे कधी घडलंच नव्हतं. ती भराभर माझी पानं उलटू लागली, जणू शब्द पुढच्या पानावर असतील.

“जपून उलट,” काका हळूच म्हणाले. “त्या पानाचा कोपरा सुटेल. पुडीचा कागद आहे तो. मीच लावलाय.”

खोलीत कुणीच हललं नाही. मीसुद्धा. त्यांना माहीत होतं, मित्रांनो. पहिल्या दिवसापासून, पाठीवरून बोट फिरवलं तेव्हापासून.

सुनेच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडलं. तो डाग अजून आहे, नियम मोडून.

“थांबलीस का?” काका म्हणाले. “बाप काय म्हणाला, मी सांगू?”

“सांगा, बाबा.”

“तो म्हणाला, ‘जेवलास का?’”

सुनेनं नाक पुसलं, मला नीट धरलं आणि स्वल्पविरामावर श्वास घेऊन वाचलं, “‘जेवलास का?’ गिरणीवाला म्हणाला, आणि मुलगा आत आला.”

“संपलं?”

“संपलं.”

“चांगला शेवट आहे,” काका म्हणाले. “चादरी थोड्या कमी चालल्या असत्या.”

चार दिवसांनी काका गेले. मुलगा आला नाही. त्याला कळवायला पत्ताच नव्हता.

आणि त्यानंतर दोन दिवसांनी धाकटा आला. खरंच आला. शिंपीणताईनं तो केव्हाच वाचून संपवला होता, दोन आठवड्यांत. मग तिच्या मनात आलं, काकांकडे जाणारं पुस्तक फाटक्या गोणपाटात का पाठवायचं? तिघांसाठी तीन पिशव्या शिवू. चांगल्या, अस्तराच्या, बटणांच्या. त्यासाठी तिनं एका गिऱ्हाइकाच्या निळ्या कापडाचं उरलेलं टोक राखून ठेवलं, ते पुरेना म्हणून दुसऱ्या तुकड्याची वाट बघितली, आणि लोकांची घाईची शिवणं आड येत राहिली. दिवसभर जगाचं शिवणारीला ह्या टाक्यांना वेळ मिळायला चार महिने लागले. सोबत चिठ्ठी होती : “उशीर झाला, रागावू नका. काकांना म्हणावं, डोळ्यांनी नाही तर हातानं बघा, पिशवी कशी झालीये ते.”

सून उंबऱ्यातच बसली. पिशवीवरून तिनं कितीतरी वेळ हात फिरवला. मग उत्तर लिहिलं. त्यात काकांची बातमी नव्हती. एवढंच होतं, “पिशवी हाताला फार मऊ लागते.” शिंपीणताईला खरं कळलं ते पुढे, बाईंडरकडून, आणि त्यानंतर बरेच दिवस तिनं निळ्या कापडाचं शिवण घेतलं नाही म्हणे.

धाकट्याचं एकही पान सुनेनं वाचलं नाही. फक्त पाठीमागची यादी उघडली आणि काकांच्या नावापुढे दोन्ही तारखा लिहिल्या. ‘मिळालं’ ही त्या दिवसाची. आणि ‘वाचून झालं’ ही सहा दिवस आधीची.

पुढच्या वाचकानं त्या तारखेपाशी पेन्सिलीनं एक बारीक प्रश्नचिन्ह काढलंय. काढू दे बिचाऱ्याला.

आता आम्हाला कुणी मागत नाही. यादीतली माणसं एकेक करून गेली, आणि आम्ही तिघं बाईंडरच्या कपाटात निळ्या पिशव्यांत एकमेकांना टेकून पडून आहोत. पिशव्या विटल्या, टाका मात्र एक उसवलेला नाही. धाकटा कधीकधी म्हणतो, “दादा, कडी काढल्यावर पुढे काय झालं, सांगू?” जन्मभर मला तेवढंच तर हवं होतं. पण मी म्हणतो, “राहू दे. मला माहीत आहे.”

मित्रांनो, तुमच्याकडे कुणाचं पुस्तक पडलं असेल, तर आज उठा. कुणीतरी रांगेत उभं आहे, आणि रांगेतला माणूस आपलं दुखणं सांगेलच असं नाही. मिळेल त्या कापडात गुंडाळा, वाकडे का होईनात, चार टाके घाला आणि पाठवून द्या. पिशवी मागाहून शिवता येते.