टेप वर सरकली

शिंपीकाकांचा छापील आकड्यांवर काडीचा विश्वास नव्हता. लेकीचं विमान चौदा तासांत, म्हणजे दुपारी चारला उतरणार असं तिकिटावर स्वच्छ लिहिलेलं. पण काकांनी शाळेत जाऊन भिंतीवरच्या नकाशाला आपली टेप लावली, दोन विमानतळांमधलं अंतर पावणेपंधरा हजार किलोमीटर काढलं, त्याला विमानाच्या वेगाने भागलं आणि साडेसोळा तास जाहीर करून टाकले.

"तिकिटावरची वेळ म्हणजे तयार कपड्याचं माप, कुणालाच नीट बसत नाही," ते काकूंना म्हणाले. "साडेसहाशिवाय विमान टेकत नाही. तोवर फ्रॉक आरामात होतो."

फ्रॉक नातीचा. चार वर्षांच्या त्या पोरीने आजोबांना आजवर फक्त फोनमध्ये पाहिलेलं. तिने बजावलं होतं, "टेपआजोबा, गळ्यात टेप घालून एकदम पुढे उभा राहा. नाहीतर मी तुला ओळखणार कशी?" काकांनी शब्द दिला होता.

पावणेतीनला काकूंनी नातीसाठी आणलेला चेंडू फुगवला. त्यावर जगाचा नकाशा होता. काका काजं करता करता उठले आणि, सवयच ती, लेकीच्या गावापासून आपल्या गावापर्यंत टेप ताणली. टेप जागेवर राहीना. घट्ट ओढली की सुळकन वर सरके, पार उत्तरेच्या बर्फाकडे.

काका चपापले. ढेरपोट्या गिऱ्हाइकाच्या पोटावर टेप ताणली की ती अशीच वर पळते, कारण वरून वाट जवळची पडते. हे त्यांना तीस वर्षं ठाऊक होतं.

"अगं, पृथ्वीला पोट आहे!" ते ओरडले. "मी सपाट कापडावर माप घेतलं! तिकीट खरं आहे!"

"सकाळपासून मी वेगळं काय सांगतेय?" काकू चपला घालत म्हणाल्या.

टॅक्सीत काका बटणं लावत बसले. खड्डा आला की सुई बोटात जाई, तरी हसू आवरेना. लेक आपण धरलं होतं त्यापेक्षा सव्वादोन हजार किलोमीटर जवळ राहत होती! ती परदेशी गेल्यापासून सात वर्षं उगाच झुरलो, असं वाटून त्यांना विलक्षण आनंद झाला.

विमानतळावर माणसं बाहेर पडू लागली होती. काका कोपरं मारत पुढे घुसले आणि त्यांनी गळ्याकडे हात नेला. टेप नव्हती.

"अहो, हे घ्या." काकूंनी पिशवीतून चेंडू काढला. टेप त्यालाच गुंडाळलेली होती.

ती गळ्यात पडते न पडते तोच एक चिमुरडी धावत आली, टेपची दोन्ही टोकं पकडून तिने आजोबांना खाली ओढलं आणि निरखून पाहिलं.

"तू फोनमधल्यापेक्षा केवढा मोठा आहेस!"

काकांनी तिला उचलून घेतलं. फ्रॉकचं शेवटचं बटण राहूनच गेलं होतं.

मागून लेक आली, दमलेली. "बाबा, फार लांब आहे हो."

"छे गं," काका डोळे पुसत म्हणाले, "मी स्वतः मापलंय. जवळच आहे."